सुभेदारांचं होम डिपार्टमेंट

जंगलात मुक्कामाला जाताना लोक काय काय सोबत नेतात, हे मला थोडंफार ठाऊक आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रवासवर्णनं दुसरं कोणी वाचत नसे, आणि ग्रंथपाल मीच होतो. कोणी दुर्बीण नेतं, कोणी होकायंत्र, कोणी विंचवावरचं औषध. पण जिथे पावलोपावली वाळलेली लाकडं पडली आहेत अशा जंगलात घरून गोवऱ्या घेऊन जाणारा माणूस मला एकाही पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या शेजारी राहत होता.

पाठीवर फौजी पिठ्ठू आणि त्यात एकेक गोवरी जुन्या वर्तमानपत्रात अशी गुंडाळलेली, की आत चिनी मातीच्या बश्या असाव्यात. एसटीत शेजारचा प्रवासी नाक वर करून हुंगायला लागला, की हा माणूस त्याच्याकडे न बघता म्हणे, "सरकारी सामान हाये."

त्यांना सारं पुलगाव सुभेदार म्हणत असे. ते सुभेदार नव्हते. शिपाईसुद्धा नव्हते. गावाबाहेरच्या लष्करी डेपोत ते सिव्हिलियन कारकून होते, आणि त्यांच्या टेबलावरून घोंगड्या, बादल्या आणि तंबूच्या खुंट्या यांचे कागद पुढे सरकत. बंदूक त्यांनी पाहिली असेल ती परेडच्या वेळी, दोरीच्या अलीकडून. गल्लीतल्या कोणीतरी थट्टेनं 'सुभेदार' म्हटलं, ते त्यांनी बढतीसारखं स्वीकारलं आणि मिशांना पीळ द्यायला सुरुवात केली. खरं नाव वसंतराव. ते फक्त विजेच्या बिलावर येई.

"इंतजाम पाह्यजे, सर, इंतजाम!" हा त्यांचा मंत्र. सगळ्या इंतजामाचा कळस म्हणजे रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, आत तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी. आमच्याकडे शेतात, देवळात, नवसाला हेच जेवण असतं. पण डोंगरात जाऊन ते करायचं, तर तिथली लाकडं का नकोत, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"लाकडाच्या आगीवर रोडगा भाजत नाई, करपते," सुभेदार म्हणाले. "वरून काळा, आतून कच्चा. पुढाऱ्यावानी. आन् दुसरं, जंगलातली काडी उचलाले मनाई हाये. मी कायद्याचा माणूस."

तर दर डिसेंबरात आमची एका रात्रीच्या मुक्कामाची मोहीम निघे. तिला 'मूव्ह' म्हणायचं. फौजेत तिघे: सुभेदार, मी आणि पोस्टातले मेश्राम. मेश्राम रोडग्यांसाठी येत, आणि ते तसं उघड सांगत. "शिवाय," ते म्हणत, "हा माणूस फौजेत गेला नाई, यात देशाचा फायदा झाला का नुकसान, ते मले एकदा ठरवाचं हाये."

पुलगावहून आर्वी, आर्वीहून कारंज्याकडे जाणारी दुसरी एसटी, मग एका फाट्यावर उतरून डोंगर चढायचा. सुभेदार पुढे, गळ्यात शिट्टी. रांगेत बोलायचं नाही. तळं आलं की 'फॉल इन'. मग दोघांच्या त्या पलटणीला ते तळ्याची माहिती देत, जणू आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच तिथे आलो आहोत.

तळं मात्र सुंदर होतं. साग-सालईच्या डोंगरांनी तिन्ही बाजूंनी धरून ठेवलेलं, चौथ्या बाजूला कोण्या जुन्या काळची दगडी पाळ. एवढं सांगितल्यावर माझ्यासारख्यानं थांबावं. उरलेलं सुभेदार सांगत.

आणि ते सांगत ते घरी आल्यावर, बायकोला. आमच्या दोन घरांमध्ये एक बुटकी भिंत होती, त्यामुळे मला ते दरवर्षी ऐकावंच लागे. "फाट्यावर उतरलं का डाव्या हाताची पायवाट. नाला लागते, तो ओलांडाचा नाई, त्याच्या काठाकाठानं वर जायाचं. मोहाची जुळी झाडं आली का उजवीकडं वळाचं. मंग चढ. मंग पाळ. आन् पाणी असं, असं पाणी, का नाणं टाकलं तं छापा हाये का काटा, वरून दिसते!"

"मंग काहाडून आणाचं ना ते नाणं," आतून आवाज येई. "फुकट गेलं."

हा आवाज सुभेदारीणबाईंचा. सारी गल्ली त्यांना त्याच नावानं ओळखे. म्हणजे नवऱ्याच्या खोट्या हुद्द्याचा बाईंनाही वाटा मिळाला होता. त्या अल्लीपूरच्या शेतकऱ्याच्या लेक, अंगानं काटक, बोलणं मोजकं आणि नेम अचूक. सुभेदार बाहेरच्यांशी बोलताना त्यांना 'होम डिपार्टमेंट' म्हणत. घरात मात्र 'ऐकलं का' एवढंच.

आणि सुभेदारांच्या मनात एकच गोष्ट घर करून होती, की होम डिपार्टमेंटनं एकदा ते तळं पाहावं. त्यांनी ती कधी कोणाला सांगितली नाही, पण ती लपवणंही त्यांना जमलं नाही. दरवर्षी ते पिठ्ठूत एक ताट जास्तीचं घेत. कोणासाठी, असं विचारलं की "रिझर्व्ह" म्हणत. आणि मूव्हच्या आदल्या संध्याकाळी अंगणात येऊन निंबाच्या झाडाकडे तोंड करून मोठ्यानं जाहीर करत, "उद्या पहाटे मूव्ह हाये. कोणाले यायाचं असन तं तयारी ठेवा!"

"झाडाले जमत नाई म्हणते," आतून उत्तर. "मुळं हायेत त्याले."

एकदा मी भिंतीपाशी बाईंना म्हटलं, "वहिनी, एकदा जाऊन तर या. तळं खरंच चांगलं आहे."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले कोणी बोलावलं, भाऊ? झाडाले बोलावते, भिताडाले बोलावते. लग्न झाल्यापासून या माणसानं मले नावानं हाक नाई मारली. 'ऐकलं का' म्हणते. मी ऐकलं तं ठीक, नाई तं बाजूवाली ऐकते. आपल्या नावानं बोलावल्याशिवाय मी कोणाच्या पंगतीत जात नाई."

मी हा निरोप सुभेदारांना पोचवला. त्यांचा चेहरा मिशांसकट लाल झाला.

"तुमच्या पुस्तकात चालते ते, सर. आमच्या बापानं आमच्या मायले कधी नावानं हाक मारली नाई."

"मग बोलवत कसे?"

"खोकलत. बाप खोकलला का माय बाहेर येत होती."

त्या वर्षी प्रकरण जरा निकडीचं झालं. सुभेदारांचा मुलगा पुण्याला नोकरीत होता, त्याला मुलगा झाला. सून कामावर जाणार, म्हणून जानेवारीत आजी पुण्याला निघणार होत्या. किती दिवसांसाठी, हे कोणी बोलत नव्हतं. नातू शाळेत जाईपर्यंत, असा अंदाज. सुभेदारांची नोकरी बरीच शिल्लक होती, म्हणजे ते इथेच. डिसेंबर हाच काय तो हातात होता.

"सुभेदार, सरळ विचारून टाका," मेश्राम म्हणाले.

"ऑर्डर निघाली हाये. ऑर्डर सगळ्याइले लागू असते."

आदल्या संध्याकाळी घोषणा झाली. या खेपेला निंबाशी न थांबता सुभेदार तुळशीपाशी गेले, मग विहिरीपाशी, मग पार स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत. तिथे उभे राहून त्यांनी घसा खाकरला आणि शेवटी खिडकीच्या गजांना उद्देशून म्हणाले, "थंडी लय नाई यंदा."

आतून काहीच आलं नाही. तेवढं ऐकून मी घरात निघून गेलो.

पहाटे आम्ही तिघंच निघालो. वाटेत शिट्टी वाजली नाही. रांगेत मेश्राम माझ्याशी खुशाल बोलत होते, तरी सुभेदारांनी मागे वळून पाहिलं नाही. तळ्यावर पोचलो, तर 'फॉल इन'सुद्धा नाही. आम्ही दोघं सवयीनं आपसूक ओळीत उभे राहिलो आणि मग ओशाळून बसलो.

दुपारी सुभेदारांनी उघड्या खडकावर आगीची जागा साफ केली, शेजारी पाण्याची बादली ठेवली, गोवऱ्यांचे कागद सोडवून त्या रचल्या आणि पेटवल्या. वांगी निघाली, तूप निघालं, मीठ, तिखट, दात कोरायच्या काड्या निघाल्या. मग त्यांचा हात पिठ्ठूच्या तळाशी बराच वेळ फिरत राहिला.

"पीठ?" मेश्राम म्हणाले.

"पीठ तं दारापाशी राहाते."

"राह्यलंच मंग."

"दरसाल दारापाशी ठेवलेलं राहाते ना. पिशवी भरून. मी निंगताना उचलतो."

"ठेवते कोण?"

सुभेदारांनी पिठ्ठू उलटा करून झटकला. डोंगरातलं जंगल, मागे तळं, पुढे पेटलेला गोवऱ्यांचा ढीग, आणि पलटणीजवळ चिमूटभर कणीक नाही. इतका पक्का इंतजाम मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"गोवऱ्याच खा आता," मेश्राम म्हणाले. "आतून कच्च्या तं नाईत."

एरवी सुभेदार यावर उखडले असते. ते खडकावर बसले, मिशी खाली आली होती. "मले काय," ते पाण्याकडे बघत म्हणाले, "एकडाव दाखवाचं होतं फक्त. पुण्यात कुठं असं पाणी."

तेवढ्यात मेश्रामांनी माझ्या दंडाला हात लावला. पलीकडे, पाळीच्या टोकाशी, जिथे पायवाट संपते, तिथे कोणीतरी उभं होतं. डोक्यावर गाठोडं, हिरवं नऊवारी लुगडं. त्या व्यक्तीनं गाठोडं उतरवून दगडावर ठेवलं आणि शेजारी ऐसपैस बसून पदरानं वारा घेतला.

सुभेदार उठून पाण्याच्या काठाशी गेले. ओळखलं तर त्यांनी कधीच होतं. तरी पहारेकऱ्याच्या आवाजात ओरडले, "कोण हाये तिकडं?"

"वाटसरू!" पाण्यावरून उत्तर आलं. तळं लहान होतं, शब्द स्वच्छ पोचत.

"एकटं कसं आलं?"

"इतक्या वर्साची टकळी आयकली. फाटा, नाला, मोहाची जुळी झाडं. डोळे झाकून आली असती."

"काय आणलं?"

"पीठ!"

"मंग इकडं आणा!"

"कोणी आणाचं?"

सुभेदारांनी आमच्याकडे पाहिलं. मेश्राम हळूच म्हणाले, "झाडं हितं पुष्कळ हायेत, सुभेदार. पीठ त्याइच्याकडं नाई."

सुभेदार खोकलले. समोरचा डोंगरही खोकलला. पाळीवरची बाई हलली नाही.

"ऐकलं का!" डोंगरानं तेही जसंच्या तसं परत केलं.

"डोंगरानं ऐकलं," पलीकडून आवाज आला. "पीठ सांगतलं नोहतं म्हून दिलं नाई. उपाशी मरा असं म्या म्हणलं नाई. आता बोलावाचं असन तं बोलवा, नाई तं संध्याकाळची एसटी हाये मले."

असं म्हणून बाई खरोखर उठल्या, पदर खोचला आणि गाठोड्याला हात घातला. इतक्या लांबून त्या रागावल्या होत्या की दमल्या होत्या, ते कळत नव्हतं. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली. का, ते त्यांनाच माहीत. एक पाऊल पुढे टाकलं, बूट पाण्यात गेला, आणि ते ओरडले,

"गिरजा!"

मला बाईंचं नाव तेव्हा कळलं. डोंगरानं ते घेतलं, फिरवलं आणि पुन्हा तळ्यावर आणून सोडलं. सुभेदार स्वतःच दचकले. मग धीर आला असावा, कारण ते पुन्हा ओरडले, "गिरजा, ये! ये इकडं! पाणी पाहाले ये!" आणि उत्तराची वाट न बघता ओल्या बुटानं पचक-पचक आवाज करत पाळीकडे पळत सुटले. एवढ्या वर्षांत त्यांना पळताना मी पाहिलं नव्हतं. ते चांगलं पळत नव्हते.

येताना गाठोडं त्यांच्या डोक्यावर होतं आणि बाई हात हलवत पुढे चालत होत्या. काठाशी आल्यावर त्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आम्ही तिघंही निकालाची वाट बघत उभे.

"हिरवं हाये," त्या म्हणाल्या. "निळं सांगत होते तुम्ही."

"सकाळी निळं असते," सुभेदार घाईनं म्हणाले.

"मंग सकाळी पाहू." आणि त्या कणीक मळायला बसल्या.

रोडगे भाजून निघेपर्यंत ऊन डोंगरामागे गेलं होतं. सुभेदारांनी पहिला रोडगा बाहेर काढला, राख फुंकली, फोडला, तूप सोडलं आणि ताट बायकोसमोर ठेवलं. मग स्वतःचं न वाढताच शेजारी बसले आणि बोटानं खडकावर रेघा ओढत राहिले.

"पुण्याहून," ते खालच्या आवाजात म्हणाले, "कधी येशीन, गिरजा?"

हे डोंगरापर्यंत पोचण्यासारखं नव्हतं. आम्हालाही जेमतेम ऐकू आलं. बाईंनी घास ताटात परत ठेवला.

"आवाज देजा," त्या म्हणाल्या. "येईन."

सुभेदारांनी मान हलवली आणि नको इतका वेळ हलवत राहिले. मेश्राम आणि मी भाजीत मीठ कमी आहे की जास्त, यावर एकाएकी जोरात वाद घालायला लागलो.