खर्चे सरांचा अहवाल

खर्चे सरांच्या खिशांत मिळून आठ आगपेट्या असत आणि एकाही पेटीत काडी नसे. एकदा चहाच्या टपरीवर एका माणसाने विडी पेटवायला त्यांच्याकडे पेटी मागितली. सरांनी दिली. त्याने उघडली तर आत चिंचोके. तो काही बोलायच्या आतच सर त्याच्यावर घसरले, "उघडली काऊन? आधी हालवून पाहाची, अंदाज करायचा. न उघडता आत किती हाय ते काढनं, यालेच बीजगणित म्हन्तात!" त्या माणसाने विडी कानावर ठेवली आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

सर संग्रामपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवत आणि आम्हा गणित शिक्षकांच्या प्रशिक्षणाला 'सुलभक' म्हणून येत. सुलभक म्हणजे सोपं करून देणारा. सरांनी कुणाला काही सोपं करून दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमचं प्रशिक्षण खामगावात होतं, तीन दिवसांचं. विषय, 'तंत्रज्ञान व कृतींद्वारे बीजगणित'. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर x + 5 = 12 लिहिलं आणि आमच्याकडे वळले.

"पाच इकडं होता तं अधिक होता. तिकडं गेला अन् उणा झाला. काऊन?"

एक जण म्हणाला, "सर, बाजू बदलली की चिन्ह बदलते."

"ते मलेबी मालूम हाय. काऊन बदलते? पाचाच्या अंगात काय आलं बे?"

हॉलमध्ये बावीस शिक्षक होते. मी अठरा वर्षं पोरांना हेच शिकवत होतो आणि 'काऊन' विचारणाऱ्याला बाकावर उभा करत होतो. मी खाली वाकून पेनाचं टोपण शोधायला लागलो. टोपण पेनालाच होतं.

मग सरांनी पिशवीतून तराजू काढला. बाजारात सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर भंगारात गेलेला, दोन पारड्यांचा. एका पारड्यात दोन बंद आगपेट्या आणि तीन चिंचोके, दुसऱ्यात अकरा चिंचोके.

"रिकाम्या पेटीचं वजन, सर?" कुणीतरी अक्कल पाजळली.

"इकडं दोन रिकाम्या ठेवल्या ना बे. डोये उघड."

सारख्या वजनाचे चिंचोके निवडायला त्यांना आख्खा महिना लागला होता. उर्दू शाळेतल्या एका मॅडमना त्यांनी पुढे बोलावलं. मॅडमनी भीत भीत दोन्हीकडचे तीन-तीन चिंचोके उचलले. काटा मध्यावरच राहिला. "अरे, वो तो कहीं जाताच नै!" त्या ओरडल्याच. "दोनों तरफ से निकलता!" सर इतके खुलले, की त्यांनी मॅडमना एक आगपेटी बक्षीस दिली.

मोबाइलशी त्यांचं वैर होतं असं कुणी समजू नये. पन्नाशीनंतर एका बोटाने टाइप करत त्यांनी तोच तराजू मोबाइलवर बनवला होता. एका बाजूचा चिंचोका काढला की पारडं झुकायचं. "आधी हातानं, मंग मोबाइलवर," ते म्हणत. "उलटं केलं तं पोट्टे खेय समजतात."

पण हॉलमधल्या मोठ्या स्मार्ट पडद्यावर तो तराजू काही आला नाही. तिथे वरून आलेल्या स्लाइड दाखवायच्या होत्या. कृती कशी करावी, हे आम्ही उरलेला वेळ खुर्चीत बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी शिक्षण विभागाचे साहेब आले, तराजू हातात घेऊन फोटो काढून घेतला आणि गेले. फोटोत पारडी उलटी होती.

शेवटच्या दिवशी मोबाइलवर उत्तरचाचणी, म्हणजे शिकून झाल्यावरची परीक्षा. दहा प्रश्न, आणि प्रत्येकाला 'कारण लिहा'. मला दहाही आले. आयुष्यात पहिल्यांदा कारणांसकट आले. त्या आनंदात म्हणा की फुशारकीत म्हणा, मी सगळी उत्तरं प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये सरही होते हे पाच मिनिटांनी लक्षात आलं. लगेच पुसून टाकली, पण तोवर सगळ्यांनी उतरवून घेतली होती. जे दोघे तीन दिवस फिरकलेच नव्हते, त्यांनाही पैकीच्या पैकी मिळाले.

सरांनी अहवालात दोनच वाक्यं लिहिली : 'प्रशिक्षण झाले. शिकणे झाले नाही.'

आमच्याकडे खोटं लिहिलं तर कुणी विचारत नाही. हे खरं होतं, म्हणून कारणे दाखवा नोटीस निघाली. सगळ्यांची कारणं शब्दशः एकच निघाली, तेव्हा साहेबांनी सरांना बोलावलं आणि उत्तरं फोडणाऱ्याचं नाव विचारलं. सर म्हणाले, "मले मोबाइलचं काही समजत नाही, साहेब." साहेबांनी तेच धरलं. 'तंत्रज्ञानाचे पुरेसे ज्ञान नसल्याने' सरांचं नाव सुलभकांच्या यादीतून कमी झालं. तो कागद मला साहेबांच्या ऑफिसातल्या बाबूने हसत हसत दाखवला. मीही हसलो. हे लिहायला नको होतं, पण हसलो.

पुढच्या वर्षी सुलभकाऐवजी व्हिडिओ आला. त्यात कोट घातलेला कुणी तरी आगपेट्या दाखवत होता. पेट्या रंगीत होत्या, तराजू चित्रातला होता, आणि 'काऊन' कुणीच विचारत नव्हतं. बाकीचे मागे बसून मोबाइल पाहत होते. मला मात्र तिथे बसवेना.

त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी मी संग्रामपूरला गेलो. सरांनी दार उघडलं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी लग्न होऊन नाशकात. मी खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलून टाकलं, "सर, ते उत्तरं मी टाकले होते."

"मालूम हाय. मीबी होतो ना ग्रुपवर."

"मंग नाव काऊन नाही सांगितलं?"

"तुही कारणं वाचली मी," सर म्हणाले. "बराबर होती. सोताच्या भाषेत होती. बावीस जणांत एक तं शिकला, मनलं. त्यालेच कसा पकडून देऊ?"

सर उठून स्वयंपाकघरात गेले.

"जेवूनच जा, गावंडे. एकट्यापुरतं वरन लावलं तं कुकर शिट्टीच देत नाही."

जेवणं झाली. ते माझ्या वर्गाबद्दल विचारत राहिले, कोणता पोट्टा कुठे अडतो, कोण उलट विचारते. चार वाजता मला सोडायला स्टँडपर्यंत आले. गाडी लागलेलीच होती. मी पायरीवर पाय ठेवला, तसे ते दुसरीकडे पाहत म्हणाले, "याच्यामांगं अजून एक गाडी असते."

मी पाय खाली घेतला. ती गाडी जाऊ दिली.