सोपानभाऊजींची सांधणी

सोपानभाऊजी भेटले की आधी तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, अंगावरच्या कपड्याकडे बघतात. नुसते बघत नाहीत. जवळ येतात, चिमटीत काठ धरतात, अंगठ्याने चोळतात आणि डोळे मिटून निकाल देतात. निकाल दोनच. "जितं हाय," नाहीतर "मेल्यालं हाय." गिरणीत निघालेलं सगळं मेलेलं. हाताने विणलेलं तेवढं जितं.

आमच्या कुंभार पिंपळगावात एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा शेला भर मांडवात उचलून उन्हाकडे धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मेल्यालं हाय." मंगलाष्टकं म्हणणारा थांबला. नवरदेवाची आजी तिथंच रडायला लागली. पुढे एका मयतीला गेले, तर तिथंही पांढऱ्या कापडाला चिमटा लावला आणि माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाले, "ह्ये बी."

भाऊजी घोंगड्या विणतात. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आहे. त्या खड्ड्यात पाय सोडून ते काठावर बसतात, समोर माग. पायाने खालची पट्टी दाबायची, हाताने धोटा फेकायचा, फणी आपल्याकडे ओढून धागा ठोकून बसवायचा. खट्. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ते खट् ऐकतच पोळ्या लाटल्या, पोरं वाढवली आणि नवऱ्याशी भांडले.

भाऊजींचा दुसरा गुण म्हणजे काळजी. हवा कोरडी असली की उभे धागे तुटतील म्हणून काळजी, दमट असली की धाग्यांना लावलेली चिंचोक्याची खळ चिकट होईल म्हणून काळजी. हवा बरी असली तर ती किती वेळ बरी राहील, ही काळजी. दारावरच्या खिळ्याला ते लोकरीचा एक धागा टांगून ठेवतात. सकाळी तोंडात दातवण असताना त्याला हात लावून उभे असतात.

"काय करून राह्यले भाऊजी?"

"हवा बघून राह्यलो वैनी. काई खरं दिसत न्हाई."

एकदा मी मिरच्या भाजत होते, तर भिंतीपलीकडून ओरडले, "वैनी, जरा सबुरीनं! ठसका लागला की हात हालतो, हात हालला की काठ वाकडा येतो!" माझ्या मिरच्यांनी त्यांची घोंगडी वाकडी होते म्हणे. त्या दिवशी मी मुद्दाम आणखी दोन मूठ मिरच्या टाकल्या.

तेव्हाची मी अशीच होते. आता तिची आठवण आली की हसू येतं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. मी शहागडची. आमच्या शहागडात हायवे होता, ट्रक जायचे. एवढ्याशा भांडवलावर मी स्वतःला शहरातली समजायचे. लग्नात गुलाबी नायलॉनची साडी आणली होती. ती दोरीवर वाळत घातली, तर भाऊजींनी जाता जाता काठाला चिमटा लावला आणि नेहमीचा निकाल दिला. मी घरात जाऊन दोन तास रडले. सासू म्हणाली, "अगं, तुला न्हाई, साडीला म्हणाला त्यो." पण माझ्या मते मी आणि ती साडी एकच होतो.

सूड घ्यायची संधी मला पहिल्याच वर्षी मिळाली. सूड म्हणजे, उपकार करून सूड.

इथे सांधणी म्हणजे काय ते सांगावं लागेल. घोंगडी विणत विणत शेवटाला आली की उभ्या धाग्यांची वीतभर टोकं उरतात. ती विणता येत नाहीत. दुसऱ्या कुणी ती उपसून फेकून दिली असती. भाऊजींच्या घरात ती टोकं फणीत तशीच ओवलेली ठेवतात आणि नव्या ताण्याचं, म्हणजे नव्या उभ्या धाग्यांचं, एकेक टोक त्यांना जोडतात. तीनशेच्या वर टोकं. मग नवा ताणा पुढे ओढला की जुन्याच्या मागोमाग तो आपोआप फणीतून येतो. मगच घोंगडी कापून उतरवायची. म्हणजे भाऊजींच्या आज्यानं पहिल्यांदा माग भरला, तेव्हापासून तो माग एकदाही रिकामा झालेला नाही. घोंगड्या गेल्या, माणसं गेली, धागा तोच पुढे चाललाय.

हे काम एकट्याचं नाही. एकाने टोक द्यायचं, समोरच्याने घ्यायचं. समोर बसायची त्यांची बायको चंद्रा. दोरा कातायचीही तीच. बुटकी, काळीसावळी, आणि बोटं अशी की बघणाऱ्याला वाटावं, नुसती हवाच चिमटीत फिरवते आहे.

तर त्या वर्षी चंद्रा बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि सांधणी अडून बसली होती. भाऊजी दारात हवालदिल. मी पदर खोचला आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? मी बसते." ते नको नको म्हणत होते, पण सासूचा हुकूम झाला. ते टोकं देत गेले, मी जोडत गेले. त्यांची नजर आपल्याच हाताकडे. मी झरझर काम उरकलं आणि मनात म्हटलं, बघा, मेलेल्या साडीतली बाई किती कामाची असते.

भाऊजींनी ताणा ओढला आणि तो अडकला. पुन्हा ओढला, तर टक्, टक्, टक्, एकेक धागा तुटायला लागला. त्यांनी वाकून बघितलं. मी प्रत्येक टोकाला गाठ मारली होती. साधी नाही, दोन पदरी, घट्ट. फणीच्या फटीतून गाठ जात नाही. तिथं ओल्या बोटांनी नुसता पीळ द्यायचा असतो, दोन्ही टोकं एकमेकांत मुरवायची असतात.

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वैनी, बाज बांधली का म्हशी बांधल्या?"

त्या गाठी सोडवायला त्यांना चार दिवस लागले. मी मात्र गावभर सांगत फिरले, की आमच्या शहागडात असंच बांधतात. शहागडात एकही माग नव्हता.

चंद्रा परत आली तेव्हा माझ्या गाठींचं ऐकून पोट धरून हसली. पोरगं कडेवर घेऊन तिनं मला पीळ कसा द्यायचा ते दाखवलं, पुन्हा पुन्हा, माझी बोटं धरून. पण मागाजवळ गेले की भाऊजी म्हणायचे, "वैनी, हात माघारी." हे इतकी वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात चंद्रा गेली. तीन दिवसांचा ताप आला, आणि गेली.

भाऊजी बाराव्याला पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसले. लोक काहीबाही बोलले. मला बरं वाटलं. भिंतीपलीकडे खट् होत होतं ना, मग माणूस आहे.

यंदा माझ्या नातीला मुलगी झाली. आमच्या घरात बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायच्या आधी घोंगडीवर निजवतात. मी भाऊजींना सांगितलं, त्यांनी हो म्हटलं आणि चंद्रा असतानाच सांधलेल्या ताण्यावर तेव्हापासून रेंगाळत होती तीच घोंगडी माझी ठरली. बारसं रविवारचं. तीन आठवडे हातात होते. घोंगडीला एवढे लागत नाहीत.

पण घोंगडी पुढे सरकेना. मी रोज सकाळी जाऊन उभी राहायचे.

"झाली का हो?"

"हवा बराबर न्हाई."

"काल तर बराबर होती."

"काल डोळ्यातून पानी येऊन राह्यलं होतं."

मला राग यायचा. मी म्हणायचे, "भाऊजी, पोरगी चालायला लागल्यावर देता का? जरा जल्दी करा." ते खाली बघून एक धोटा फेकायचे. मी वळले की पुन्हा शांतता.

गुरुवारी त्यांच्या पोराचा, दत्ताचा, माझ्या फोनवर फोन आला. दत्ता जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आहे. पोरगा गुणाचा. "काकू, आबा फोन उचलत न्हाईत. तुमचं घोंगडं उतरलं का?"

"उतरंल आता. मी रोज मागं लागून राह्यले."

"लागाच. मी रविवारी बारशाला टेम्पोच घेऊन येतो. आबांनी शब्द दिलाय, माग रिकामा झाला की जालन्याला येतो. खड्डा बुजवून फरशी करून टाकू. पाय किती सुजलेत त्यांचे, बघितले ना? उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पडले, ते तुम्हीच तर सांगितलं."

मीच सांगितलं होतं. फोन ठेवला. तीन आठवडे मी त्या माणसाला ढकलत होते, ते कुठे ढकलत होते?

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. भिंतीपलीकडे खट् झालं की वाटायचं, झालं, आणखी एक धागा कमी झाला. खट् थांबलं की वाटायचं, पडले की काय खड्ड्यात. आवाज आला तरी भीती, नाही आला तरी भीती. हातातली भाकरी दोनदा करपली. भाऊजींचा काळजीचा रोग मला भिंतीतून लागला होता.

शुक्रवारी गेले. घोंगडी जवळजवळ झालीच होती. चार बोटं राहिली असतील. भाऊजी फणीवर नुसता हात ठेवून बसले होते.

"भाऊजी, मला घाई न्हाई. पोरगी निजंल गादीवर."

ते दुखावले. "शब्द दिलाय वैनी तुमाला."

"अन दत्ताला?"

ते फणीवरचा धुरळा पुसायला लागले.

"दत्ताला काय म्हणालात? घोंगडं उतरल्यावर येतो, का माग रिकामा झाल्यावर?"

"माग रिकामा झाल्यावर."

"मंग होऊ देता कशाला रिकामा? ताणा तर तयार हाय." आढ्याला जुन्या गोधडीत गुंडाळलेला ताणा होता. चंद्रानं कातलेला दोरा, खळ लावून तयार. "करा सांधणी. दत्ताला दिलेला शब्द बी राह्यला, मला दिलेला बी."

भाऊजींनी एक क्षण वर बघितलं. माझ्या लबाडीवर ते खूश झाले असावेत. मग पुन्हा मान खाली.

"समोर कोन बसनार?"

"मी बसते."

"बिलकुल न्हाई."

"अहो, मला पीळ येतो आता. चंद्रानंच शिकवलाय."

"गाठीचं न्हाई वैनी," ते म्हणाले.

मी घरी आले. बारशाच्या लाडवांचा पाक दोनदा पुढे गेला. उद्याचा दिवस गेला की रविवार. टेम्पो येणार, फरशी येणार, आणि त्या भिंतीपलीकडून पुन्हा काही ऐकू येणार नाही. भाऊजींना जालन्यात दत्ताच्या घरी तिसऱ्या मजल्यावर बसलेलं मी डोळ्यांपुढे आणून बघितलं. तिथं ते कुणाच्या कपड्याला हात लावतील? लोक पोलिसांना बोलावतील.

शनिवारी सकाळी भाऊजी आमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाले, "हवा बराबर हाय."

मी लाडू तसेच टाकले आणि गेले.

आत घोंगडी विणून पुरी झाली होती, नवा ताणा खाली उतरवलेला होता आणि समोरासमोर दोन पाट होते. पलीकडचा चंद्राचा, मला माहीत होता. मी तिकडे वळले, तर भाऊजी म्हणाले, "तिथं न्हाई." त्यांनी मला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः पलीकडे गेले. चंद्राच्या पाटावर ते अंग चोरून बसले, बाजूला कुणासाठी जागा ठेवल्यासारखे.

सुरुवात झाली. माझी बोटं आता वाकडी झालीत, संधिवाताची. पाण्यात बुडवायची, टोकाला टोक लावायचं, पीळ द्यायचा, अलगद ओढून बघायचं. दर टोकाला वाटायचं, हे सुटणार. दहा झाली, वीस झाली. एकही सुटलं नाही, पण भाऊजींचा हात थांबायला लागला. टोक देता देता मध्येच थांबायचा. चाळीसाव्या टोकाला तो तसाच थांबून राहिला.

"दिसत न्हाई का?" मी विचारलं.

"दिसतंय."

"मंग?"

त्यांनी धागा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "वैनी, काई तरी बोला ना."

"काय बोलू?"

"काई बी. ती लई बोलायची. सांधणीला बसली की एकेका धाग्याला गावातलं एकेक माणूस घ्यायची अन त्याची चामडी सोलायची. मी नुसता 'हूं' म्हनायचो." त्यांनी धागा सरळ केला. "आठ म्हैने झाले, मी कुनाला हूं म्हन्लो न्हाई."

मी आयुष्यभर बडबडले. गावात माझ्या तोंडाला भिऊन लोक रस्ता बदलतात. आणि नेमकं त्या वेळी तोंडातून एक शब्द फुटेना. मग घसा खाकरून विचारलं, "आधी हे सांगा, ती माझं काय बोलायची?"

भाऊजी विचारात पडले. "त्याला अर्धा ताणा लागायचा," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि वाट मोकळी झाली. मी माझ्या सासूपासून सुरुवात केली. ती माझे दाणे मोजून घ्यायची ते, तिनं माझ्या माहेरच्या लोणच्याला नाव ठेवलं ते, जत्रेत तिचं लुगडं हरवलं आणि आळ माझ्यावर आला ते.

"हूं," भाऊजी म्हणाले, आणि पुढचं टोक माझ्या हातात आलं.

सासू जत्रेपर्यंत पोचली तोवर सत्तर टोकं झाली. तेवढ्यात माझा फोन वाजला. दत्ता. मी ओल्या बोटांनीच कानाला लावला. "उद्या ये बाबा, जेवायला ये. टेम्पो नको आनू, मोटरसायकलवर ये... आबांना काई झालं न्हाई रे. माग भरलेला हाय. उद्या ये, मंग समोर बसून भांड माझ्याशी. आता माझे हात गुतलेत."

फोन खाली ठेवला, बोटं पुन्हा पाण्यात घातली. जालन्याचा पोरगा उद्या काय काय बोलेल, ही काळजी होतीच.

"कुठं होते मी?" मी म्हणाले.

"जत्रंत," भाऊजी म्हणाले. त्यांनी नवं टोक पुढे धरलं होतं. "लुगडं सापडलं का मंग?"