सातशे चौपन्न पिना

रोकडेसाहेबांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्या खुर्चीवर बसलो, तिच्या हाताला दोऱ्याने बांधलेलं एक पिवळं कार्ड लोंबत होतं. मी ते वाचलं. 'खुर्ची. दोष: मागचा डावा पाय दोन मिलिमीटर आखूड. कारण: सुताराने नजरेने मापला. वापरता येईल, झुलू नये.' मी झुलणाऱ्यातला नव्हेच, तरी चहा संपेपर्यंत श्वाससुद्धा बेताने घेतला.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणारी एक कंपनी होती, तिथे साहेब तपासणी खात्यात. तिथला नियम असा, की तपासलेल्या प्रत्येक भागाला टॅग लागणार. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून चालेल, लाल म्हणजे भंगार. पिवळ्या-लाल टॅगवर दोष लिहायचा, कारण लिहायचं, आणि खाली जबाबदार माणसाचं नाव. सव्वीस वर्षं हे केलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन नुसता कसा बसणार? त्यांचा पंखा हिरवा होता, गीझर पिवळा. मेव्हण्याने भेट दिलेलं घड्याळ लाल, जबाबदार: मेव्हणा. मेव्हणा यायचा असला की नलूवहिनी ते कार्ड घड्याळामागे सरकवायच्या. तो गेला की साहेब पुन्हा पुढे काढायचे. भिंतीवरचं बुद्धाचं चित्र तेवढं टॅगाविना होतं, पण ते पाण्याची लेव्हल लावून टांगलेलं होतं.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी जाडी मोजायचं व्हर्निअर असायचं. बदलापूर स्टेशनबाहेर वडा घेतला की आधी तो मापाखाली जायचा. "सोमवारी त्रेसष्ट होता, आज अठ्ठावन्न," असं ते वडेवाल्याला शांतपणे सांगायचे. वडेवाला म्हणायचा, "साहेब, खायचाय का मशीनला बसवायचाय?"

त्यांच्यापुढे मोघम बोलायची सोय नव्हती. आज फार उकडतंय म्हटलं तरी चष्म्यावरून बघत विचारायचे, "बघून सांगताय, का मोजून?"

हे मी हसत सांगतोय खरा, पण या माणसाशी मी एकदा खोटेपणाने वागलो आणि पुढे तीन वर्षं गप्प राहिलो. मी मुळात कमी बोलतो. लोकांना तो सभ्यपणा वाटतो. निदान या एका बाबतीत तो नव्हता.

आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. साहेब दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. दोन हजार पाचच्या सुमाराला नलूवहिनींना अर्धांगाचा झटका आला. चालू लागल्या, बोलणं सुधारलं, पण डावा हात तसाच राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायचा. वहिनींनी तो तिसऱ्या दिवशी गॅलरीतून खाली टाकला. साहेबांनी वर आणला. त्यांनी पुन्हा टाकला. चेंडूला लाल टॅग लागला. जबाबदार: नलिनी.

मग एकदा दोघं अंबरनाथला भाचीकडे गेले. तिच्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. वहिनी गंमत म्हणून बसल्या त्या दोन तास उठल्याच नाहीत. उजव्या हाताने गाडी वळवत होत्या, आणि समोर ट्रक आला तेव्हा डाव्या हाताचं बोट आपोआप ब्रेकच्या बटणावर गेलं.

"अकरा वेळा गेलं," साहेब मला सांगत होते. "मोजलंय मी. चेंडूवर अकरा दिवसांत एकदाही नाही."

पण भाचीचा कॉम्प्युटर जुना. गाडी मध्येच अडखळायची, चित्र थांबायचं, आणि चित्र थांबलं की वहिनींचा हातही थांबायचा. तेव्हा साहेबांनी ठरवलं, गाडी न अडखळता पळेल असा कॉम्प्युटर स्वतः बांधायचा. बावीस हजारांत. त्याच्यावर एक रुपया नाही, कारण व्यायामवाल्या बाईंची फी अजून चालू होती.

"तयार का नाही घेत?" मी विचारलं.

"तयार डब्यात आत काय घातलंय ते कोण बघतं? वर स्टिकर छान असतो."

बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला, की रोकडेसाहेब या वयात गेम खेळायला कॉम्प्युटर आणतायत. साहेबांनी खुलासा केला नाही. लोक हसले तर हसू देत, हिच्या हाताची चौकशी जिन्यात नको, असं त्यांचं म्हणणं. आणि मदतीला त्यांनी मला घेतलं. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बिलं काढायचो, एवढ्यावर सगळी बिल्डिंग मला जाणकार समजायची. मीही समजू द्यायचो. डब्याचं झाकण मी जन्मात उघडलेलं नव्हतं.

महिनाभर दर रविवारी आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या वाशूभाईंच्या दुकानात जात होतो. साहेबांनी खेळाच्या सीडीच्या डब्यामागचा मजकूर वहीत उतरवून घेतला होता. त्यात दोन रकाने होते, किमान काय लागेल आणि काय असलेलं बरं. वाशूभाई किमानवर बोट ठेवायचे. साहेब म्हणायचे, "किमान म्हणजे नापास होऊ नये इतपत. आपल्याला पास व्हायचंय."

सगळ्यात महाग चित्राचं कार्ड. त्यात काटकसर नाही. मेमरी पाचशे बारा, त्यात नाही. मग डीव्हीडीचा ड्राइव्ह गेला, स्पीकर गेले, मॉनिटर जुना घ्यायचं ठरलं. तरी दीड हजार वर जात होते. विजेचा पुरवठा देणारी पेटी स्वस्तातली घ्या, असं मी सुचवलं. दोन पेट्या समोर होत्या, दोन्हींवर चारशे वॉट लिहिलेलं. साहेबांनी पिशवीतून ताणकाटा काढला आणि दोन्ही पेट्या एकेक करून त्याला लटकवल्या.

वाशूभाई बघतच राहिले. "साईं, भाजी ले रहे हो क्या?"

"ही सातशे ग्रॅम. ही बाराशे," साहेब म्हणाले. "दोन्ही चारशे वॉट कशा असतील? जड पेटीत तांबं आहे, हलकीत हवा."

वाशूभाईंनी हलकी पेटी गुपचूप काउंटरखाली ठेवली. पुढच्या रविवारी मी पाहिलं, त्यांच्या टेबलावर नवा काटा होता.

दीड हजार शेवटी कॅबिनेटमध्ये वाचले, म्हणजे कॅबिनेट घेतलंच नाही. साहेबांनी घरातली ज्वारीची पत्र्याची कोठी रिकामी केली, तिला भोकं पाडली, आत मदरबोर्ड टेकवायला छोटे खांब बसवले आणि मागे पंखा लावला.

"ज्वारी कुठे ठेवू?" वहिनींनी विचारलं.

"बादलीत. ज्वारीला गार हवा लागत नाही, प्रोसेसरला लागते."

प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी चकती, तिच्या पोटाला केसासारख्या बारीक पिना. साहेबांनी दुकानात भिंग लावून सगळ्या मोजल्या. सातशे चौपन्न. वाशूभाईंचं तेवढ्यात जेवण उरकलं.

जोडणीचा रविवार उजाडला. जमिनीवर पांढरी चादर, तिच्यावर सगळे भाग ओळीने, प्रत्येकाला हिरवा टॅग. प्रोसेसर नुकताच डबीतून काढून स्पंजवर ठेवला होता, एवढ्यात न्हाणीघरातून वहिनींची हाक आली. त्यांचा पाय घसरत होता. साहेब ताडकन उठले. जाता जाता म्हणाले, "परब, हात लावू नका हं. उघडा आहे."

मी हात लावला.

का, ते आता नीट सांगता येतं. महिनाभर मी जाणकार म्हणून त्यांच्याबरोबर हिंडत होतो आणि एकही गोष्ट मला त्यांच्याआधी कळली नव्हती. वाटलं, ते येईपर्यंत निदान हा एक भाग मी बसवून दाखवावा. बोर्डावर त्याची जागा दिसत होती. बाजूला एक छोटी दांडी असते, ती आधी उचलायची असते. मला ते माहीत नव्हतं. मी चकती ठेवली, बसेना, म्हणून अंगठ्याने दाबली. बारीकसा करकर आवाज झाला. उलटी करून पाहिली तर एक कोपरा वाऱ्याने झोपलेल्या भातासारखा आडवा.

मी ती पुन्हा स्पंजवर ठेवली, पिना खाली करून. साहेब वहिनींना धरून बाहेर आले तेव्हा मी दारात चपला घालत होतो. घरी पाहुणे यायचेत, म्हणालो. कोणी येणार नव्हतं.

संध्याकाळी साहेब वर आले. "परब, अकरा पिना वाकल्यात. थोडं काम वाढलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दुकानातूनच तसा आला असेल. या लोकांचं काही सांगता येत नाही."

"नाही. दुकानात सगळ्या सरळ होत्या," साहेब म्हणाले. माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि खाली गेले. 'बघून सांगताय का मोजून' हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस साहेब कामावरून आले की खिडकीशी बसायचे. डोळ्याला भिंग, हातात शिसं काढून टाकलेली क्लच पेन्सिल. तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घ्यायची आणि हळूच सरळ करायची. एक जरी तुटली असती तर बावीस हजारांत दुसरा प्रोसेसर बसत नव्हता. मला हे जिन्यातून दिसायचं. ऐकूही यायचं. वहिनी म्हणत होत्या, "डोळ्यांनी धड दिसत नाही तर कशाला ही हौस? कुठेतरी आपटला असेल तुम्हीच."

"असेल," साहेब म्हणाले.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता वर गेलो.

नवव्या दिवशी कोठी सुरू झाली. मला बोलावून नेलं. वहिनींनी की-बोर्ड पुढ्यात घेतला, साहेब शेजारी स्टुलावर. लाल गाडी समुद्राकाठच्या रस्त्याने सुटली, कुठेही न अडखळता.

"हळू. पुढे वळण आहे," साहेब म्हणाले.

"दिसतंय मला."

"नलू, एकशे ऐंशी झालं."

"बघून सांगताय का मोजून?" वहिनी म्हणाल्या आणि गाडी सरळ समुद्रात घातली. दोघं इतकी हसली, की मलाही हसावं लागलं.

त्यानंतर वहिनी लाइट जायच्या वेळा सांभाळून रोज गाडी चालवू लागल्या. सात-आठ महिन्यांनी त्यांनी डाव्या हाताने कांदा धरून उजव्याने चिरला. साहेबांनी कांद्याची ती पहिली फोड व्हर्निअरने मोजली आणि पोह्यात टाकली. आणि जो भेटेल त्याला साहेब सांगायचे, "हे परबांमुळे झालं. महिनाभर रविवार घातले माणसाने." ते ऐकलं की मला त्यांच्या घरात थांबवेना. मी जायचं कमी केलं, मग सोडलंच. दुसऱ्या मजल्यावर आलो की चपला हातात. तीन वर्षं मी स्वतःच्या बिल्डिंगमध्ये चोरासारखा चढलो.

साहेब रिटायर झाले त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला: 'कोठीत नवीन प्रोसेसर बसवायचाय. रविवारी या.' नाही म्हणायला कारण सुचलं नाही. चादर तीच, स्टूल तेच. जुना प्रोसेसर साहेबांनी दांडी उचलून अलगद बाहेर काढला. इतक्यात आतून वहिनींनी हाक मारली. साहेब उठले, आणि चकती माझ्या तळहातावर ठेवली.

"धरा. उघडा आहे."

ते परत आले तेव्हा मी तशीच धरून बसलो होतो. म्हणालो, "साहेब, त्या पिना मी वाकवल्या होत्या. आणि वर वाशूभाईंवर ढकललं."

साहेबांनी टॅगांचा डबा काढला, त्यातून एक पिवळा टॅग शोधला आणि माझ्यापुढे धरला. 'प्रोसेसर. दोष: अकरा पिना वाकलेल्या. कारण: भाग उघडा ठेवून तपासणारा उठला. जबाबदार: अ. रोकडे.' तारीख त्याच रविवारची.

"पण दाबला मी होता."

"ते मला त्याच दिवशी कळलं. तुमचा अंगठा उमटला होता वरती. पण नियम तसाच आहे. उघडा भाग ज्याने सोडला, नाव त्याचं." मग म्हणाले, "मी आठ दिवस वाट बघितली, म्हटलं येतील. मग म्हटलं, नसेल जमत माणसाला."

वहिनी चहा घेऊन आल्या. दोन्ही हातांनी ट्रे धरलेला. "भावजी, पाय बरा झाला का?"

"कुठला पाय?"

"चपला हातात घेऊन जाता ना तुम्ही? मी ह्यांना म्हणत होते, परबभावजींच्या पायाला काहीतरी झालंय. हे म्हणाले, विचारू नकोस, बरा झाला की येतील."

मी चहा घेतला. कपाच्या कानाला हिरवा टॅग होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना मी चपला पायातच ठेवल्या. दुसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा आत गाडी जोरात पळत होती. माझी चाहूल लागली तशी ती थांबली. दार उघडं होतं. आतून साहेबांचा आवाज आला,

"परब, तुमची पावलं एकसारखी वाजत नाहीयेत. डावी टाच झिजलीय. काढा इकडे, मोजू."