सरस वाळेपर्यंत

जुन्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांच्या दुकानात एकच पाटी होती : ‘सरस वाळेपर्यंत बसू नये.’ ती न वाचणाऱ्या गिऱ्हाइकांना काका असे काही फैलावर घेत, की बिचारी उभ्याउभ्याच बोलणी उरकून घरी जात. आणि एके सकाळी खुद्द काकाच चप्पल घालायला म्हणून, लाकूड चिकटवायचा सरस नुकताच लावलेल्या मास्तरीणबाईंच्या खुर्चीवर टेकले. खुर्चीनं गिऱ्हाईक आणि मालक असा भेदभाव केला नाही. काका उजव्या हातावर आपटले.

“काय पडलं हो?” आतून काकूंनी विचारलं.

“काही नाही. पट्टी पडली.”

“पट्टी पडल्यावर कुणी ‘आई गं’ म्हणतं?”

मनगट वाकडं दिसत होतं. काकांचं सगळं पोट याच हातावर चालायचं, ती भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती होती ती काकूंना खरं सांगायची. शेवटी तुटलेलं जोडणं हा तर आपलाच धंदा, असा विचार करून त्यांनी दोन लाकडी पट्ट्या घेतल्या, मनगटाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि वरून लाकूड आवळायचा शिकंजा चढवला. इथवर ठीक होतं. पण जन्माची सवय! पट्ट्या बसवण्याआधी डाव्या हातानं त्यांना सरसही फासला होता.

काकू बाहेर आल्या तेव्हा बोटं निळसर पडली होती आणि शिकंज्याचा स्क्रू काही केल्या फिरत नव्हता. आधी त्यांनी काकांना जे सुनावलं ते पाटीवर मावलं नसतं. मग कसाबसा स्क्रू सैल केला, पण पट्ट्या हटेनात. गल्लीतल्या डॉक्टरांनी हाताला हात लावला नाही. “हे माझं काम नाही. मनगटाच्या तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडेच जा. आत्ताच्या आत्ता!”

मनगटाचेसुद्धा वेगळे डॉक्टर असतात, हे ऐकून काका रिक्षात आपल्या मनगटाकडे नव्या आदरानं बघू लागले.

तज्ज्ञ बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. कोमट पाण्यात हात भिजवून त्यांनी पट्ट्या हळूहळू सोडवल्या, एकेका बोटाला स्पर्श करून विचारलं, “काका, मुंग्या येतात? हे कळतंय?” मग म्हणाल्या, “आणखी थोडा वेळ तो शिकंजा राहिला असता, तर बोटांवर बेतलं असतं.”

काकांनी घाबरून सगळी बोटं हलवून दाखवली.

मग पडद्यावर त्यांच्याच हाताची हाडं उजळली. काका आ वासून बघत राहिले. एवढ्याशा जागेत इतके लहान लहान तुकडे, एकाला एक टेकलेले, आणि कुठेही खिळा नाही! “हे सगळं माझं?” त्यांनी कुजबुजत विचारलं. बाईंनी इंजेक्शनानं हात बधिर केला, ओढला, किंचित वळवला, पुन्हा फोटो काढला. मोडलेलं हाड आपल्या जागी बसलं होतं.

“आता सरस?” काकांच्या तोंडून निघून गेलं.

“तो तुमच्या हाडाकडे आहे. मी फक्त सरळ केलं, जोडेल ते त्याचं तेच. प्लास्टर निघेपर्यंत हात हलवायचा नाही. बोटं मात्र हलवत राहायची.”

ऐकायला सोपं होतं, पण काकांच्यानं बसवेना. चार दिवसांत डावा हात रंध्याकडे, उजवा त्याच्या मदतीला जाऊ लागला. काकूंनी हत्यारं कपाटात कोंडली, किल्ली कमरेला खोचली आणि काकांना दारात बसवलं. “हललात तर बघा!” काका बसले. गिऱ्हाइकं येऊन त्यांना पाटी वाचून दाखवत, तेही त्यांनी सोसलं.

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, आणि काही महिन्यांनी काढलेल्या फोटोत काकांना भेगच सापडेना. उभ्या आयुष्यात त्यांनी असा सांधा पाहिला नव्हता. त्यांनी तो फोटो दुकानात पाटीशेजारी टांगला. अखेर दुरुस्त झालेली खुर्ची न्यायला मास्तरीणबाई आल्या आणि फोटो पाहून म्हणाल्या, “कमाल आहे त्या डॉक्टरांची!”

“कमालच! पण त्या म्हणतात, जोडलं हाडानंच,” काका भारावून म्हणाले. “जागेवर आणलं त्यांनी, बाकी फक्त हलू द्यायचं नव्हतं.”

“आणि हलू कुणी दिलं नाही?” आतून आवाज आला.

काका वळले. फोटोकडे बघायचे तसेच ते दारात आलेल्या, कमरेला किल्ली खोचलेल्या काकूंकडे बघत राहिले. मग त्यांनी बऱ्या झालेल्या उजव्या हातानं दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची पुढे ओढली.

“बस,” ते म्हणाले.

काकूंनी आधी खुर्चीच्या सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं. “वाळलाय ना?”