वारा नसलेले वादळ

परभणी जिल्ह्यात ताडकळसजवळ एक अवकाश संपर्क केंद्र आहे. सहाशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या दुर्बिणीला आज्ञा पाठवणे हे त्याचे काम, आणि त्याआधी मंजुरी घेणे हे खरे काम.

मंगळवारी सकाळी तिथल्या अभियंता धम्मशीलाला इशारा मिळाला. सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता. दुपारपर्यंत त्याचे कण दुर्बिणीवर आदळणार होते. झाकण लावून आतली यंत्रणा बंद केली नाही, तर दुर्बीण कायमची आंधळी होणार. ती केंद्रावरून जाणार पावणेबाराला, फक्त नऊ मिनिटे. धम्मशीलाची सहा वर्षे त्या दुर्बिणीत गेली होती. ती धावतच अधीक्षक दिनकररावांकडे गेली.

त्यांनी आपत्तींची यादी काढली. "पूर, गारपीट, वीज... हां, वादळ हाय. वाऱ्याचा वेग सांगा."

"साहेब, वारा नाही. हे सूर्याचं वादळ आहे."

"वारा न्हाई तर वादळ कसं, मॅडम? अन् ऊन म्हणाल तर परभणीत रोजच हाय."

तरीही सहानुभूतीपूर्वक विचार करून त्यांनी स्थळपाहणीचा आदेश दिला. लिपिक माणिकराव गच्चीवर जाऊन अर्ध्या तासाने अहवाल घेऊन उतरले : 'समक्ष पाहिले असता आभाळ निरभ्र असून दुर्बीण जागेवर आढळली नाही.'

"दुर्बीणच न्हाई, मग वाचवायलात काय तुमी?" दिनकरराव म्हणाले. "आधी हरवल्याचा अर्ज द्या."

अकरा चव्वेचाळीस झाले होते. धम्मशीला उठली, नियंत्रण कक्षात गेली आणि विनामंजुरी आज्ञा पाठवली. पडद्यावर 'झाकण बंद' उमटले, तेव्हा तिला रडू फुटले.

दोन दिवसांनी झाकण उघडले. दुर्बीण धडधाकट होती. चौकशीत हाच धम्मशीलाविरुद्ध मुख्य पुरावा ठरला : नुकसान निरंक, अर्थात वादळ आलेच नव्हते.

"आणि दुर्बीण जळाली असती तर?" तिने विचारले.

"तर रीतसर पंचनामा केला असता की!" चौकशी अधिकारी म्हणाले.

ती निलंबित झाली. पुढच्या महिन्यात त्याच दुर्बिणीने टिपलेले एका आकाशगंगेचे छायाचित्र देशभर गाजले. वादळ आले नव्हते, हे चौकशीपुरते. सत्कारात दिनकरराव वादळातून दुर्बीण वाचवणारे दक्ष अधिकारी होते. छायाचित्राखाली त्यांचे अभिनंदन होते.

ते छायाचित्र तुमच्याही मोबाइलवर आले होते. अभिमानाने ऊर भरून, खालचे नाव न वाचता, तुम्ही ते चार ग्रुपवर पाठवलेत.