मेट्रनबाईंनी बाहेर बसून लाउंज जिंकला त्याची हकीकत

॥ श्री ॥

ज्यांनी जन्मात एकदा तरी उंच पाठीच्या खुर्चीवर टेकून वाफाळता चहा घेतला असेल, त्यांनी ही हकीकत सावध चित्ते ऐकावी. आणि ज्यांस तो योग आला नसेल, त्यांनी तर कामे टाकून ऐकावी. पदरचे एक अक्षर घातलेले नाही. घडले तैसे लिहिले असे.

प्रथम वंश. पणजी खाणावळवाली या नावे मशहूर. शंभर माणसांस दोन्ही वेळा पोटभर वाढीत असे आणि आपण ओट्याशी उभ्याने दोन घास खात असे, तिला बसलेली कोणी पाहिली नाही. तिची कन्या सुईण. ती बसली, परंतु सदैव दुसऱ्याच्या खाटेच्या कडेला, आणि तेही एक पाऊल दाराकडे ठेवून. तिची कन्या शिवणवाली. तिला स्वतःचे आसन प्राप्त जाहले, ते तीन पायांचे स्टूल, त्यातला एक पाय आखूड, त्याखाली चिंध्यांची घडी, आणि त्या डुगडुगत्या तख्तावरून तिने चार लेकरांचा संसार हाकिला. त्या शिवणवालीच्या पोटी या मोहिमेच्या नायिका, इस्पितळाच्या माजी सरलष्कर, चाळीस वर्षांच्या चाकरीत चढत चढत अकरा वॉर्डांचा बंदोबस्त चोख राखणाऱ्या, ज्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात उमटताच मोठमोठे डॉक्टर सिगारेटी विझवून हात मागे घेत, त्या मातुश्री मेट्रनबाई. हातांची खुर्ची या घराण्यात प्रथम यांनीच मिळविली, आणि तीवर बसावयास यांसही कधी सवड जाहली नाही.

आता मोहिमेचे कारण. एकेचाळीस वर्षांपूर्वी मेट्रनबाई, तेव्हां वॉर्डातील साध्या परिचारिका, दोन महिन्यांची तापलेली लेक छातीशी धरोन थोरल्या नणंदेसह आगगाडीच्या ठाण्यावर उतरल्या, आणि पुढली गाडी तीन तास उशिरा ऐसी वार्ता आली. नणंदबाई रेल्वेच्या टेलिफोन खात्यात नामजाद, त्यांजपाशी पहिल्या वर्गाचा पास. परंतु पहिल्या वर्गाच्या विश्रांतिगृहात एका पासावर एकच इसम, तान्हे मूल गणतीत नाही, ऐसा नियम. आणि दारावरील शिपाई पास तेवढा पाही, तोंड पाहात नसे. बाहेर वारा बोचत होता. तेव्हां नणंदबाईंनी पास भावजयीच्या मुठीत कोंबिला, मायलेकींस आत लोटिले, आणि आपण पत्र्याच्या ट्रंकेवर उघड्यावर बैठक मारिली. आत उंच पाठीची खुर्ची, जाड घोंगडी आणि कढत चहा. मेट्रनबाई बसल्या त्या निजल्या, लेक निजली, आणि तीन तासांनी उठल्या तो लेकीचा ताप उतरला होता.

ऐसे हे ऋण. ते फेडावे म्हणोन मेट्रनबाईंनी नाना मसलती केल्या. एक स्वेटर विणून पाठविला, तो उलट टपाली दोन आले. नणंदबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया जाहली तेव्हां आठ दिवस उशाशी राहिल्या, तो पुढल्याच वर्षी यजमानांच्या आजारात नणंदबाई महिनाभर येऊन राहिल्या आणि वर जाताना सगळ्या घराच्या चादरी धुवून गेल्या. फेडावयास जावे तो ओझे वाढे. आता नणंदबाई सत्त्याहत्तरीत, गुडघे रुसलेले, मेट्रनबाई एकाहत्तरीत. दोघींनी मिळून घडावयाचे प्रवास फार उरले नाहीत, आणि हे ऋण डोक्यावर घेऊन आपण जाणे कदापि होऊ नये, हा एकच घोर मेट्रनबाईंस होता.

तो योग ऐसा आला. लेकीने दोघींस भेटीस बोलाविले, साधी दोन तिकिटे धाडिली, आणि दोघी भर सकाळी विमानतळी दाखल जाहल्या. तेथे विमान कंपनीने साध्या जागा होत्या त्याहून जास्त विकलेल्या. सबब मेट्रनबाईंस बढती मिळोन त्यांचे दस्तक वरच्या वर्गाचे जाहले, त्यासोबत मानकऱ्यांच्या लाउंजात प्रवेशाचा परवाना, एका इसमापुरता. आणि त्याच घटकेस दुसरी वार्ता आली की विमान चार तास उशिरा आहे. सारा विमानतळ हळहळला. मेट्रनबाईंचे मुखी मात्र तेज चढले.

त्या म्हणाल्या, "वन्सं, आत तुम्ही जायचं."

"आणि तू?"

"मी बाहेर बसणार."

नणंदबाई क्षणभर न्याहाळून म्हणाल्या, "वहिनी, सकाळची गोळी घेतलीस ना गं?"

मेट्रनबाईंनी थेट कंपनीच्या कारकुनावर चाल केली आणि हुकूम फर्माविला की वरची जागा नणंदेच्या नावे करून द्यावी. कारकून गांगरला. त्याने अर्ज केला की, मॅडम, लोक वरची जागा मिळावी म्हणून माझ्याशी भांडतात. "मी सुटावी म्हणून भांडतेय. लिहा तुम्ही," ऐसे उत्तर जाहले. मग कारकुनाने कायदेपुस्तक चाळिले, एकाच खरेदीतील दोघांत अदलाबदल करण्याचे कलम सापडले, एका सहीनिशी काम फत्ते जाहले. नणंदबाई "काय बाई हट्टी आहेस" ऐसे पुटपुटत लाउंजात रवाना जाहल्या; आणि मेट्रनबाईंनी काचेच्या भिंतीसमोर, नेमक्या थंड हवेच्या झरोक्याखाली, भोकाभोकांच्या लोखंडी बाकावर डेरा दिला. बाक मुद्दाम निवडिला होता. तेथे बसताच पाठीत कळ आली, आणि त्या समाधान पावल्या.

परंतु पाव तास जाहला न जाहला तो नणंदबाई परत.

"वहिनी, मला नाही बाई बसायचं तिथे."

"का? काय झालं?"

"अगं, तो सोफा आहे का खड्डा? बसले ती आतच गेले. दोन माणसांनी ओढून काढलं मला. आणि चहा म्हणजे नुसतं कोमट रंगीत पाणी. टीव्ही बोंबलतोय, बघत कोणी नाही. त्यापेक्षा तुझा बाक बरा. सरक जरा."

हे ऐकताच मेट्रनबाईंनी काचेपलीकडील लाउंजकडे डोळे वटारिले. एकेचाळीस वर्षांनी संधी आली, ती या लाउंजने मातीत घालावी? कढत चहा पिऊन कोमट परतवावा? उंच खुर्चीवर निजून खड्डा द्यावा? ऐसे खोटे नाणे वन्संच्या पदरी घालून फेडले म्हणणे हे घराण्यास शोभणारे नव्हे. मग त्या उठल्या, पदर खोचिला, आणि बुटांचा तोच जुना ताल धरोन लाउंजच्या दरवाजावर चालून गेल्या.

दरवाजा सोनेरी कडांचा, आत निळा गालिचा. त्या गालिच्याच्या कडेवर येऊन मेट्रनबाई ठाकल्या आणि त्यापुढे एक अंगूळ सरकल्या नाहीत. आपण आत गेलो तर बाहेर बसल्याचे पुण्य बाद होईल, हे त्या पक्के जाणत होत्या. तेव्हां लाउंजच्या किल्लेदारीण, म्हणजे व्यवस्थापिकाबाई, गळ्यात ओळखपत्र आणि हातात वॉकीटॉकी ऐशा सामोऱ्या आल्या आणि गोड आवाजात विचारत्या जाहल्या, "मॅडम, आपला पास?"

"माझ्याकडे पास नाही."

"मग आत येता येणार नाही, सॉरी."

"मला यायचंच नाही आत."

"मग?"

"माझी तक्रार आहे. तुमचा लाउंज चांगला नाही."

व्यवस्थापिकाबाई सात वर्षे त्या गादीवर होत्या. आत येऊ न इच्छिणाऱ्या इसमाची तक्रार हा प्रसंग त्यांजवर कधी आला नव्हता. त्यांनी गडबडून शिपायास पाचारण केले. शिपाई आला, त्याने मेट्रनबाईंची पावले पाहिली, गालिच्याची कड पाहिली, आणि डोके खाजविले. त्या बाहेरच उभ्या होत्या. बाहेरच्यास बाहेर काढण्याचे कलम त्याजपाशी नव्हते. तो मुजऱ्यासारखी मान हलवून निघून गेला. गनिमाची पहिली फळी ऐसी मोडली.

मग मेट्रनबाईंनी उंबरठ्यावरूनच इस्पितळाच्या रिवाजाप्रमाणे राउंड सुरू केला. नणंदबाईंस नजरबाज नेमून आत रवाना केले आणि हुकूम दिला की पेल्यास हाताची पालथी बाजू लावून पाहावी, फळीच्या वरच्या अंगास बोट फिरवून दाखवावे. नणंदबाईंसही आता गंमत वाटू लागली होती. टेलिफोन खात्यातल्या खणखणीत आवाजात त्या एकेक खबर दरवाजाकडे धाडू लागल्या.

"कप थंडगार आहेत, वहिनी!"

"बिस्किटं?"

"सादळलीत!"

"फळीवर?"

नणंदबाईंनी काळे बोट उंच करून दाखविले. लाउंजातील मानकरी हातातली वर्तमानपत्रे खाली करून पाहू लागले.

व्यवस्थापिकाबाईंनी आता कडक सूर लाविला की, मॅडम, चहाचं मशीन परदेशी आहे, त्यात कंपनीनं ठरवलेलंच तापमान असतं.

मेट्रनबाईंनी शांतपणे विचारिले, "बाळ, तू स्वतः कुठला चहा पितेस?"

यावर व्यवस्थापिकाबाईंच्या तोंडून सत्य बाहेर पडले, "आम्ही मागे पातेल्यात करतो. आलं घालून."

"मग तोच आण. कप आधी उकळत्या पाण्यातून काढ."

हे ऐकताच सोफ्याच्या खोल दरीतून एक टायवाले गृहस्थ, जे तासाभरापासून तेथे अडकून होते, हात वर करोन ओरडले, "ओ ताई, तो पातेल्यातला मलाही! आणि जमलं तर एक हात द्या, उठता येत नाही हो!" मग दुसऱ्या दरीतून आवाज आला, मग तिसरीतून, आणि ज्यांची बोलण्याची छाती नव्हती त्यांनी चमचे पेल्यांवर वाजविले. आबदारखाना, म्हणजे चहापाण्याचा मोर्चा, पडला. टीव्हीचा आवाज शिकस्त खाऊन मुका जाहला. उरला फरासखाना, म्हणजे बैठकीचा मोर्चा.

तेथे मात्र लढाई निकरास आली. संपूर्ण लाउंजात म्हातारीस बसता आणि उठता येईल ऐसी, उंच पाठीची, हातांची, एकच खुर्ची होती, आणि ती खुद्द व्यवस्थापिकाबाईंच्या मेजामागे.

"ती माझी खुर्ची आहे," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

"माहीत आहे मला. चांगली खुर्ची नेहमी कुठे असते, ते चाळीस वर्षं बघितलंय मी. माझ्याही ऑफिसात होती." मग मेट्रनबाईंनी आवाज उतरविला आणि ती एकेचाळीस वर्षांपूर्वीची ट्रंक, तो वारा, तो ताप, सारे चार वाक्यांत सांगितले, हुकूम नव्हे, विनंती केली. "मला तीन तास हवेत. नुसते तीन तास तिला झोप लागू दे."

व्यवस्थापिकाबाईंनी काचेपलीकडला लोखंडी बाक पाहिला, वरचा झरोका पाहिला, आणि "तुम्ही तिथे तीन तास बसणार?" ऐसे विचारिले. मेट्रनबाईंनी मान हलविली. मग व्यवस्थापिकाबाईंनी आपली खुर्ची स्वहस्ते ढकलीत आणिली, खिडकीपाशी उन्हात मांडिली, आणि मागल्या कपाटातून कोऱ्या घडीची दुलई काढून तीवर ठेविली. ऐसा तह जाहला.

या धामधुमीत एक तास खर्ची पडला. उरले नेमके तीन. मेट्रनबाई बाकावर परतल्या. नणंदबाई खुर्चीवर विराजमान जाहल्या, आल्याचा चहा दोन्ही हातांत धरिला, आणि खोड जाते कोठे, पहिल्याच घोटानंतर उठून पेला काचेशी आणून खुणेने "तू घे" म्हणू लागल्या. मेट्रनबाईंनी तर्जनी उगारिली. मग व्यवस्थापिकाबाईंच्या हस्ते दुलई बाहेर आली. ती आल्या पावली परत गेली. मग रुमालात गुंडाळलेला केक आला; तोही परत गेला, आणि सोबत निरोप गेला की पुन्हा काही बाहेर आले तर मेट्रनबाई विमानात बसणार नाहीत. तेव्हां नणंदबाईंनी हात टेकिले, दुलई गळ्यापर्यंत ओढिली, आणि पाचव्या मिनिटास त्यांची मान कलली.

मेट्रनबाई पाहात राहिल्या. एक तास गेला, झरोक्याची हवा मानेत शिरली. दुसरा तास गेला, गुडघा ठणकू लागला, बाकाची भोके मांडीवर उमटली, आणि काचेपलीकडे नणंदबाई तोंड उघडे टाकून, उन्हात, ढाराढूर. तेव्हां मेट्रनबाईंच्या मनात अकस्मात एक विचार उठला, तो ऐसा: बघा कशा पसरल्यात. एकदा डोळा उघडून बघतील तर शपथ, बाहेर माणूस आहे की गोठलं.

आणि त्या दचकल्या. हा राग होता, चांगला कडकडीत राग. एकेचाळीस वर्षांत हे त्यांच्या ध्यानीच आले नव्हते की ट्रंकेवर बसलेल्या माणसास रागही येत असेल.

तिसरा तास भरला आणि वर पाच मिनिटे जाहली, तेव्हां विमानाची हाकाटी उठली. नणंदबाई गालावर दुलईचा वळ घेऊन, व्यवस्थापिकाबाईंच्या हातास धरोन बाहेर आल्या. मेट्रनबाई बाकावरून उठू गेल्या तो गुडघा अडला. दोघींनी मिळून त्यांस उभे केले.

"वन्सं, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार की."

"त्या दिवशी, स्टेशनवर, तुम्हांला माझा राग आला होता?"

नणंदबाईंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, चष्मा पुसला.

"आला होता," त्या म्हणाल्या. "फार. तू आत घोरत होतीस आणि माझे दात वाजत होते. म्हटलं, ही बया एकदा बाहेर डोकावेल तर! जन्मभर कोणाला बोलले नाही मी हे. लाज वाटायची."

"मलाही आत्ता आला होता. तुमचा."

"खूप?"

"खूप. मनातल्या मनात काय काय बोलले तुम्हांला."

मग दोघी भावजय-नणंद भर विमानतळावर ऐशा हसू लागल्या की टायवाले गृहस्थ वाट सोडून बाजूस जाहले. आणि नणंदबाईंनी डोळे पुसून प्रथमच, बदल्यात काहीही न देता, नुसते म्हटले, "पण झोप छान लागली हं, वहिनी. फार दिवसांनी."

मग त्या पुढल्या वर्गात रवाना जाहल्या, आणि मेट्रनबाई मागल्या वर्गात दोघा जाड इसमांमधील जागी विराजल्या.

येणेप्रमाणे लाउंज फत्ते जाहला. कढत चहास कढत चहा, उंच खुर्चीस उंच खुर्ची, तीन तासांस तीन तास, आणि रागास राग, ऐसे तंतोतंत रुजू पडले. व्याजादाखल पाच मिनिटे वर. "झोप छान लागली" ऐसी तोंडी फारखती, म्हणजे फेड पावल्याची पावती, नणंदबाईंनी दिली, मेट्रनबाईंनी ती मान्य केली, आणि एकेचाळीस वर्षांचे ऋण निखालस फिटले. कोणाकडे काही येणे नाही. हे कायम.