न शिजवलेल्या नाश्त्याचा ठराव

माणसाच्या हातून दिवसभरात ज्या चुका होतात, त्यांचं मूळ सकाळच्या नाश्त्यात असतं. आमच्या ड्रेनोवित्सा गावच्या पाणीपुरवठा खात्याला हे सत्य अकरा वर्षं पाइप फुटत राहिल्यावर उमगलं. सगळे कर्मचारी सकाळी बानित्सा खातात, म्हणजे चीज भरलेले तेलकट पापुद्रे. त्यानं सुस्ती येते आणि म्हणून पाइप गळतात, असं खात्याचे प्रमुख ओग्न्यानसाहेब यांनी शोधून काढलं. (पाइप १९६३ सालचे आहेत, पण ते नाश्ता करत नाहीत.)

लगोलग ‘झटपट, स्वस्त, प्रथिनयुक्त व विनाशिजवण नाश्ता योजना’ जाहीर झाली. वेळ तीन मिनिटं, खर्च माणशी दोन लेव्हा, प्रथिनं तीस ग्रॅम, आच शून्य. समितीचा चिटणीस मीच होतो, त्यामुळे ही हकिगत निःपक्षपाती आहे.

पहिले तीन दिवस दही, खारं चीज आणि अक्रोड दिले. चौथ्या दिवशी अडतीस प्लंबर साहेबांच्या दारात उभे राहिले.

“साहेब, दही आम्ही तसंही तिन्ही त्रिकाळ खातो,” त्यांचा म्होरक्या झिव्को म्हणाला. “ह्याच्यावर दोन मीटर खड्डा खणायचा? तुम्ही खणून दाखवा!”

त्यांना अंडी हवी होती, राजमा हवा होता. पण अंडं उकडणं म्हणजे शिजवणं नव्हे काय? समिती तीनदा बसली. अखेर तोडगा आमच्याच तळघरांत सापडला. आमच्याकडे घरटी दीडशे बरण्या असतात: मिरच्या, राजमा, आलुबुखार, डुकराचं मटण. थंडीत भूक लागली की झाकण उघडायचं. त्याला स्वयंपाक केला असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही. सबब, बरणीतून निघालेला पदार्थ न शिजवलेला मानण्यात यावा, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. बरणी कुणी भरायची हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

ती गिंकामावशींनी भरली. सव्वीस वर्षं त्याच आमच्या कँटीनच्या स्वयंपाकीण. योजना विनाशिजवण असल्यानं कँटीनची शेगडी काढून नेली होती. म्हणून मावशी आपल्या घरी, आपल्या गॅसवर अंडी उकडायच्या, राजमा शिजवायच्या आणि अडतीस बरण्या दोन पिशव्यांत घालून पहिल्या बसनं आणायच्या. निकाल डोळे दिपवणारा होता. सरासरी वेळ दोन मिनिटं पन्नास सेकंद. खात्याचा गॅस शून्य. गळती पूर्वीइतकीच, मात्र कर्मचारी आता तिच्याकडे जोमानं बघत.

मग हिशेबतपासनिसांनी एक साधा प्रश्न विचारला: जिथे शिजत नाही, तिथे स्वयंपाकीण कशाला? मावशींना पेन्शनला चौदा महिने उरले होते. त्या तडक बैठकीत आल्या.

“साहेब, ही अंडी काय कोंबडीनं उकडून घातली?”

“मावशी, रागावू नका. अंडं बरणीत होतं, हे तरी मान्य आहे ना?”

“मीच घातलं तर बरणीतच असणार!”

“झालं तर मग,” साहेब म्हणाले. मी ‘संबंधितांची संमती’ अशी नोंद केली.

मावशींचं पद गेलं. त्याऐवजी ‘बरणी-उघडणी सहायिका (अर्धवेळ)’ असं नवं पद निर्माण झालं. अर्धवेळ म्हणजे पेन्शनला आता अठ्ठावीस महिने. नोकरी दुपटीनं वाढली, असं साहेबांनी त्यांना समजावलं. मावशींनी झाकण उघडून बरणी माझ्यापुढे ठेवली. मला फार वाईट वाटलं. पण मी चिटणीस होतो, आणि अंडं अगदी हवं तसं उकडलं होतं.

ही योजना घरी राबवता येईल का, अशी विचारणा हल्ली बरेच वाचक करतात. महाशय, तुमच्याकडे ती लग्नापासून चालू आहे. तुम्ही टेबलाशी बसता, पेपर उघडता, नाश्ता समोर येतो. तीन मिनिटं, शिजवणं शून्य. फक्त बायको किती वाजता उठली, हे चुकून विचारू नका. विचारलं की नोंद करावी लागते.